हिरव्या झाकणाच्या नळ्या

माझ्या भावोजींच्या फोनवर सकाळी सहाला जे येतं ते सहा वाजून एक मिनिटाने माझ्या फोनवर येतं. ताई आजारी पडल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, त्यांनी मला कातडी मऊ करणारी तेलं पाठवली, चिखलाचे लेप पाठवले, चुंबकाची गादी पाठवली, आणि गाढविणीच्या दुधाने ठणठणीत झालेल्या एका इसमाचा व्हिडिओ तर तीनदा पाठवला. खाली प्रत्येक वेळी एकच ओळ: तू लॅबमध्ये आहेस म्हणून विचारतो. मी कधी उत्तर देत नाही. त्यांना त्याचं काही वाटतही नाही.

मी लॅबमध्ये आहे, बावीस वर्षं आहे, पण तिथे मी काय करते हे घरात कोणालाही धड सांगता येणार नाही. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मी लोकांचं रक्त आणि कातडीचे कण एका नळीतून दुसऱ्या नळीत टाकते. टाकते, ढवळते, गरगर फिरवते, गोठवते, यंत्रात ठेवते आणि यंत्राने दिलेले आकडे सरांना देते. सर त्यातून शास्त्र काढतात. अशी आमची वाटणी आहे. चुकलं तर ते माझ्या हाताने चुकलेलं असतं आणि बरोबर आलं तर सरांच्या डोक्यातून आलेलं असतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. एका डेंटिस्टच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती कवळ्या करते. दिव्यावर तापवलेल्या बारीक चाकूने मेणावर एकेक दात असा बसवते की घालणाऱ्याला आठवड्याभरात विसर पडतो की हे आपले नव्हेत. आणि तिच्या स्वतःच्या तोंडात आता डेंटिस्टचा आरसा जात नाही. ओठ आवळत आवळत गेले, एक बोट जेमतेम मावतं. डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम दिले आहेत, दिवसातून दोनदा, आरशासमोर. ती करत नाही. विचारलं की म्हणते, आरशासमोर जांभया द्यायला मला वेळ नाही.

आजाराचं नाव स्क्लेरोडर्मा. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. जखम झाली की शरीर तिथे कोलॅजेनचे धागे विणतं आणि खिंडार बुजलं की विणणं थांबवतं. ताईचं शरीर थांबतच नाही. जखम नसताना विणत सुटलंय. आधी बोटं ताठ झाली, मग कोपरापर्यंत हात, मग चेहरा, आणि दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या तळाशीही तेच दिसलं. तेव्हापासून तिला दोन्ही वेळच्या गोळ्या आहेत. गोळ्यांनी कातडी मऊ होत नाही, बोटं सरळ होत नाहीत. फुप्फुस आहे तसं राहतं, एवढंच. बदल्यात दिवसभर मळमळतं आणि जेवण समोर आलं की ताईचा चेहरा उतरतो.

आता यात आमची लॅब कुठे येते ते सांगते, आणि एकदाच सांगते, कारण हे सांगता सांगता माझ्या नाकी नऊ येतात. पेशीच्या आत जनुकांकडून निरोप निघतात, हे बनवा, ते बनवा. त्या निरोपांमागे काही चिमुकले तुकडे फिरत असतात, त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. ते स्वतः काही बनवत नाहीत. निरोपाला चिकटतात आणि त्याचं तोंड बंद करतात. घरात एखादी आत्या असते, स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही, पण ती पुरे म्हणाली की सगळ्यांचे हात थांबतात, तसं. हे तुकडे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांना नंबर दिलेत. त्यातला एकोणतीस नंबरचा कोलॅजेनला पुरे म्हणतो. या रोगाच्या कातडीत तो कमी पडतो हे बऱ्याच लोकांनी पाहिलेलं आहे. आमच्या सरांचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं: तो रक्तातही कमी असतो, तेव्हा कातडीचा तुकडा कापायला नको, नुसत्या रक्तावरून कळेल की कोणात किती उणीव आहे.

तीन वर्षं मी मोजत होते. एक्केचाळीस रोगी, चाळीस निरोगी. निरोगी माणसं आम्ही आमच्याच इमारतीतून पकडून आणली: कारकून, झाडूवाल्या बाई, लिफ्टमन, वरच्या मजल्यावरचे दोन विद्यार्थी आणि मी. तक्ता असा आला की पाहणाऱ्याने बघतच राहावं. रोगी सगळे खाली, निरोगी सगळे वर, मध्ये एवढी मोकळी जागा की हातगाडी जावी.

या वर्षी त्वचारोग विभागात एका इंजेक्शनची चाचणी ठरली. इंजेक्शनात कृत्रिम एकोणतीस नंबर. ज्याच्या रक्तात तो कमी आहे त्यालाच घेणार, आणि घेण्याआधी चालू गोळ्या महिनाभर बंद ठेवायच्या, म्हणजे फरक पडला तर कशाने पडला ते कळेल. नळ्यांवर नावं नसतात, क्रमांक असतात. ताईचा क्रमांक मला पाठ होता, आणि हे नियमात बसत नाही ते मला कोणी सांगायला नको. तिचा आकडा एक्केचाळीस जणांत सर्वांत खाली होता. चाचणीच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं. येत्या सोमवारपासून गोळ्या बंद.

आकडा कळला त्या दिवशी मी तिला फोन केला. एरवी मी लॅबमधलं घरी बोलत नाही. त्या दिवशी पंधरा मिनिटं बोलले. तुझ्यात काय कमी आहे ते सापडलंय, म्हणाले. ताई म्हणाली, एवढी ओरडतेस कशाला, ऐकू येतंय मला.

खरं सांगायचं तर तो आनंद जेवढा तिच्यासाठी होता तेवढाच माझ्यासाठी होता. आम्ही दोघी एका आईच्या, एका ताटात जेवलेल्या. तिला झालं आणि मला झालं नाही, ते का, हा प्रश्न सहा वर्षं माझ्या डोक्यात भुणभुण करत होता. तक्त्यावर ती सर्वांत खाली आणि मी वरच्या गर्दीत. कारण मिळालं. कोणाचं काही चुकलं नाही, आकडाच तसा आहे. मला झोप लागायला लागली, हे सांगायला लाज वाटते, पण लागली.

मग सरांनी नियतकालिकाला पाठवलेल्या शोधनिबंधावर परीक्षकाचं उत्तर आलं.

परीक्षकाने एकच खुसपट काढलं होतं. सगळ्या नमुन्यांत बाहेरचं काहीतरी ठरावीक मापाने घालून तुम्ही मोजणी पडताळून पाहिलीत का? पाहिली नव्हती. सुरुवातीला मी विचारलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते की फरक एवढा ढळढळीत आहे, कशाला वेळ घालवता. आता ते दोन दिवस धुसफुसत होते. परीक्षक म्हणजे उंटावरचे शहाणे, असं त्यांनी मला, विद्यार्थ्यांना आणि एकदा लिफ्टमनलाही ऐकवलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, करून टाका एकदा, त्याचं तोंड बंद होईल.

मातीत राहणारा सुतासारखा बारीक कृमी असतो, त्याच्या एका मायक्रोआरएनएची हुबेहूब नक्कल तयार मिळते. माणसात तो तुकडा नसतोच. म्हणून तो प्रत्येक नमुन्यात अगदी सारखा घालायचा आणि शेवटी सारखाच परत येतो का पाहायचं. सारखा घातला तर सारखा यायला हवा, यात समजण्यासारखं अवघड काही नाही.

निरोग्यांमध्ये तो चोख आला. रोग्यांमध्ये कमी आला.

मी आधी थेंब मोजायच्या पिपेटवर संशय घेतला, मग स्वतःवर. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं, त्या वेळी रेडिओसुद्धा बंद ठेवला. तेच. यंत्रासमोरच्या स्टुलावर बसून मी पडद्यावरच्या रेघांकडे बघत राहिले. कृमीला काही स्क्लेरोडर्मा झालेला नव्हता. तो मी सकाळी माझ्या हाताने घातला होता. तो कमी दिसत होता म्हणजे कमी नव्हता, यंत्राला दिसत नव्हता. आणि यंत्राला कृमी दिसत नसेल तर एकोणतीस नंबरही दिसत नसणार. रोग्यांच्या रक्तात असं काहीतरी होतं जे यंत्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधत होतं.

ते काय असेल हे ओळखायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच काहीतरी लावलेलं असतं, आणि काय लावलंय ते झाकणाच्या रंगावरून कळतं. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असतं, जांभळ्या झाकणाच्या नळीत दुसरंच काही. हेपॅरिन वाईट नाही, कितीतरी तपासण्यांना तेच लागतं. पण आमच्या या मोजणीशी त्याचं हाडवैर आहे. कणभर मागे राहिलं तरी ते यंत्राचं काम दाबून टाकतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात.

निरोग्यांचं रक्त मी स्वतः घेतलं होतं, जांभळ्यात. रोग्यांचं रक्त खाली बाह्यरुग्ण विभागात घेतलं जाई. तिथल्या नर्सबाई ते फिरवून, वरचा पिवळा द्रव छोट्या कुप्यांमध्ये भरून, गोठवून वर पाठवत. कुप्यांना सगळ्यांनाच पांढरी झाकणं. मूळ नळी कोणत्या रंगाची होती ते माझ्यापर्यंत येतच नसे, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

जिना उतरताना मी मनातल्या मनात नर्सबाईंची पुरती हजेरी घेतली. तीन वर्षांवर पाणी पाडलंत, इथपासून सुरुवात करून चांगली चार-पाच वाक्यं तयार ठेवली. रक्त घ्यायच्या खोलीत त्या एका म्हाताऱ्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होत्या. बाजूच्या जाळीत हिरव्या झाकणाच्या नळ्या सैनिकांसारख्या उभ्या. माणूस जाईपर्यंत मी कशीबशी थांबले आणि विचारलं की आमच्या अभ्यासाला हिरव्या नळ्या वापरायला तुम्हाला कोणी सांगितलं.

नर्सबाईंनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. "तुम्हीच," त्या म्हणाल्या आणि कपाटाकडे बोट केलं.

कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. कडा पिवळ्या पडलेल्या, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. त्वचा अभ्यासासाठी फक्त हिरवी नळी. 'फक्त'च्या खाली दोन रेघा. अक्षर माझं, रेघा माझ्या, खाली सही माझी, तारीख चार वर्षांपूर्वीची.

चार वर्षांपूर्वी आम्ही प्रथिनं मोजत होतो. प्रथिनांना हिरवी नळी उत्तम. मग सर कुठल्याशा परिषदेहून एकोणतीस नंबरच्या प्रेमात पडून परतले, आम्ही प्रथिनं सोडली, निरोग्यांचं रक्त नव्याने जांभळ्यात घेतलं, आणि खालचा कागद काढायचं कोणाला सुचलं नाही. कोणाला म्हणजे मला. इस्पितळात भिंतीवर शंभर सूचना आहेत. हात धुवा, मोठ्याने बोलू नका, जिन्यात बसू नका. एकही कोणी पाळत नाही. सगळ्या इस्पितळात मन लावून पाळली गेलेली सूचना कोणती, तर ही.

"एकदा कुणीतरी जांभळ्या आणून ठेवल्या होत्या," नर्सबाई म्हणाल्या, "मी सगळ्या परत पाठवल्या. म्हटलं, वरच्या बाईंचं काम फार काटेकोर असतं."

मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार होते? कागद काढताना कोपरे फाटून दारावरच राहिले.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ओळीने तीन गोष्टी विचारल्या. नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना? यंत्र बिघडलंय का? कृमीचा माल जुना असेल का? मी तिन्हीला नाही म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. तो कागद कोणी लावला, असं विचारल्यावर मी म्हटलं, मी. आणि प्रथिनं सोडून हे धरायचं कोणी ठरवलं, असं मी विचारलं. बावीस वर्षांत मी त्यांना असा उलट प्रश्न कधी केला नव्हता. दोघांच्याही पचनी पडायला जरा वेळ लागला.

मग ते मऊ आवाजात म्हणाले की चाचणी सुरू होऊ दे, आपण जांभळ्या नळीत नवे नमुने घेऊ, महिन्याभरात खरं काय ते कळेल, एवढ्यात गाजावाजा नको. एरवी मी मूग गिळून बसले असते. माझी नोकरीच त्यावर चाललेली आहे.

"यादीत पहिलं नाव माझ्या बहिणीचं आहे," मी म्हटलं. "सोमवारी ती गोळ्या सोडणार आहे. तिचं फुप्फुस महिनाभर आपल्यासाठी थांबायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. एवढं त्यांचं मानलं पाहिजे की फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांना एकही शब्द न चावता सगळं सांगितलं. तक्ता चुकला आहे, नळी चुकली आहे, यादी थांबवा. बोलताना ते उभे राहिले होते, शाळेत मास्तरांसमोर राहतात तसे. फोन ठेवल्यावर म्हणाले, घरी जा तुम्ही. मी गेले, पण घरी नाही.

गुरुवार होता, दुपारचे तीन वाजले होते. वाटेत मला अगदी हलकं वाटत होतं, आणि त्याचाच राग येत होता. चार दिवस हातात होते. गोळ्या सुटायच्या आत पकडलं होतं. परीक्षकाचं पत्र आठवड्याने उशिरा आलं असतं तर काय झालं असतं, हे मनात येऊन जिवात जीव येत होता. ताईला वाईट वाटेल, चिडेल, चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल. असा सगळा बेत मी दवाखान्याच्या दारापर्यंत ठरवून टाकला होता.

ताई मागच्या खोलीत होती. टेबलावर प्लास्टरचा जबडा, त्यावर गुलाबी मेण, शेजारी छोटा दिवा. हातात बोटं उघडी ठेवणारे लोकरीचे मोजे, कारण थंडी लागली की तिची बोटं पांढरी पडतात. तिने मान वर केली नाही, पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले आणि सगळं सांगितलं. कृमी सांगितला, झाकणं सांगितली, माझा कागद सांगितला. ती एकीकडे मेण तासत होती.

"म्हणजे माझ्यात तो कमी नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंही म्हणता येत नाही, कमी असेल, नसेल, आम्ही मोजलेलं धरायचंच नाही एवढं खरं. तिने विचारलं की इंजेक्शन तर खोटं नाही ना, मग ते देऊ देत, आकडा सावकाश मोजा. मी समजावलं की ज्याच्यात उणीवच नाही त्याला वरून आणखी घातलं तर काय होईल ते कोणालाच ठाऊक नाही, आणि चाचणी आता थांबलीच आहे. गोळ्या आहेत तशा चालू ठेवायच्या. सोमवारी सोडायच्या नाहीत. मी अगदी स्वच्छ, एकेक शब्द सांगितला, लॅबमध्ये नव्या विद्यार्थ्याला सांगते तसा.

ताईने चाकू खाली ठेवला. टेबलाचा खण उघडला आणि एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली. कवळी ठेवायची पांढरी डबी. आत गोळ्या होत्या, गच्च भरलेल्या.

"मी मागच्या मंगळवारीच सोडल्या," ती म्हणाली. "महिना बंद ठेवायच्या होत्या ना. म्हटलं, आधी सोडल्या तर आधी नंबर लागेल."

नऊ दिवस. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अक्कल गहाण टाकलीस का, इथून सुरुवात झाली. डॉक्टरांना विचारायचं नाही, मला विचारायचं नाही, दोन वर्षं जे धरून ठेवलंय ते स्वतःच्या हाताने सोडून द्यायचं, आणि वर डबीत भरून ठेवायचं, कशासाठी, प्रदर्शन मांडायला? व्यायाम करायचा नाही, सांगितलेलं ऐकायचं नाही, सगळ्या घराच्या डोक्याला ताप. डेंटिस्टने दार किलकिलं करून आत पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. मी भावोजींवरही घसरले. त्यांना दिसत नाही का, फोनमधून डोकं वर काढतात का कधी?

"त्यांना काही बोलू नकोस," ताई म्हणाली. "माझ्या बोटांनी पाकिटातून गोळी फुटत नाही. दोन वर्षं झाली, रोज सकाळी कामाला जायच्या आधी चारही गोळ्या ते फोडून ठेवतात. त्यांना वाटतंय मी घेते."

हे मला माहीत नव्हतं. चार वर्षं तिच्या रोगाचे कण मोजते आहे, आणि तिला गोळी फोडता येत नाही हे मला माहीत नव्हतं.

"झालं तुझं?" तिने विचारलं. "ह्यांनी काय काय आणलं घरात, तुला माहितीये. तेलं आणली, ती गादी आणली. मी कशाला हात लावला नाही. एकदासुद्धा नाही. तुझ्यात काय कमी आहे ते सापडलंय, हे मला चिखलवाल्याने नाही सांगितलं. तू सांगितलंस."

मी बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"नऊ दिवस मी पोटभर जेवले," ती म्हणाली. "मळमळ नाही, काही नाही. रोज सकाळी हातांकडे बघायचे आणि म्हणायचे, बाबांनो, तुमचं कारण कळलंय आता. छान गेले मला ते दिवस."

मी डॉक्टरांना फोन लावला. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच सांगितलं, तारखेसकट. डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं असणार, कारण ती बराच वेळ नुसतं हो हो करत होती. आत्ताच सुरू करा, म्हणाले, आठवडाभर निम्म्या, मग पूर्ववत, आणि उद्या सकाळी फुंकायच्या तपासणीला या. नऊ दिवसांत काही बिघडलं का ते त्या तपासणीत कळेल. कदाचित काही नाही बिघडलं. कदाचित बिघडलं असेल. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

मी डबीतून एक गोळी काढली. ताईने मोजा काढून तळहात पुढे केला. तिची बोटं पूर्ण उघडत नाहीत, वाटीसारखा खळगा होतो, त्यात मी गोळी ठेवली. पेला तिने दोन्ही तळहातांत धरला. ओठ एवढेसे उघडतात की गोळी आत जायला दोनदा प्रयत्न करावा लागला. मी मदतीला हात पुढे केला, तो तिने कोपराने बाजूला सारला.

"मग मला का झालं गं?" गोळी गेल्यावर तिने विचारलं. रागाने नाही, वेळ विचारावी तसं. "तुला नाही, मलाच का?"

"माहीत नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच नाही."

"हे तुला आधी म्हणता आलं असतं," ती म्हणाली.

तिने मोजा पुन्हा चढवला, चाकू दिव्यावर धरला आणि प्लास्टरचा जबडा जवळ ओढला. पुढचे सहा दात अजून बसवायचे होते. गिऱ्हाईक पाचला येणार होतं. ती म्हणाली की गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात मळमळायला लागतं, तेवढ्यात हे उरकायला हवं, तेव्हा बसायचं असेल तर बस, पण बोलू नकोस. मी बसले.

पहिला दात बसला. तिने डोळे बारीक करून तो जबड्याच्या मधोमध आहे की नाही पाहिलं, मेण किंचित तासलं, पुन्हा पाहिलं. दुसरा बसला, तिसरा बसला. तिची बोटं आत दुमडलेली होती आणि तरी चाकू कुठे चुकत नव्हता. चौथा दात हलवून हलवून तिने दोनदा काढला आणि तिसऱ्यांदा तिच्या मनासारखा झाला. पाचवा बसला. सहावा तिने उचलला, दिव्याच्या उजेडात धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग तो परत ताटलीत ठेवून ती उठली आणि तोंडावर हात धरून बेसिनकडे गेली, आणि मी तिची पाठ धरायला तिच्या मागे गेले.